सायकलच्या पिशवीतली माझी जागा

मित्रांनो, घोडपदेवच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर भिवा आबांची खोली आहे. तिच्या दारामागे एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला वीतभर लांबीचा, काळा पडलेला सायकलचा पाना टांगलेला आहे. तो पाना म्हणजे मी. माझ्या दोन्ही टोकांना गोल डोकी आहेत आणि दोन्ही डोक्यांत मिळून दहा भोके. प्रत्येक भोक वेगळ्या मापाच्या नटासाठी. दहा पान्यांचे काम मी एकटा करतो, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते.

आज मी तुम्हाला माझ्या पराक्रमाची गोष्ट सांगणार नाही. मी एका छोट्याशा वस्तूचा फार मत्सर केला, त्याची गोष्ट सांगणार आहे. सांगताना लाज वाटते. पण लाज वाटणाऱ्या गोष्टी कुणीतरी सांगितल्या पाहिजेत.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. लालभडक लोखंडावर घणाचे ठोके पडले आणि मी तयार झालो. एका गोणीत शंभर भावंडांबरोबर मी मुंबईला आलो. तेव्हा भिवा आबा विशीतले होते. नाक्यावर त्यांनी सायकलचे दुकान टाकले होते. भाड्याच्या सहा काळ्या सायकली, पंक्चर शोधायला पाण्याचे एक घमेले, आणि मी. गिरणीची पाळी सुटली की कामगार सायकल ढकलत यायचे. "भिवा, चाक डुगडुगतंय रे," म्हणायचे. आबा मागे न बघता हात मागे करायचे आणि त्या हातात मी असायचो.

दुकानात शिकायला येणाऱ्यांना आबा एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगायचे. "हत्यार आवडतं म्हणून उचलायचं नाही. आधी नटाला विचारायचं." मग ते मला नटावर टेकवून दाखवायचे. बसले तर माप बरोबर, नाही बसले तर दुसरे भोक. हे वाक्य लक्षात ठेवा मित्रांनो. पुढे ते लागणार आहे.

काळ्या सायकली कमी झाल्या. नाक्यावर उंच इमारत आली आणि दुकान गेले. आबांनी बाकीची हत्यारे ज्याला हवी त्याला देऊन टाकली. मला मात्र घरी आणले. दर रविवारी मला तेलाचा एक थेंब मिळायचा. काम नव्हते, पण मान होता.

मग आबांच्या नातीने, मायाने, सायकल घेतली. माया परळच्या एका इस्पितळात रक्त तपासण्याचे काम करते. सायकल जुनीच, पण जाड टायरची, मातीच्या वाटांवर चालणारी. तिने ती खांद्यावर घेऊन दोन मजले चढवली आणि गॅलरीत उभी केली. मला वाटले, माझे दिवस परत आले. मी खिळ्यावरून एकेक नट शोधू लागलो.

एकही नट सापडला नाही. सगळीकडे गोल डोक्याचे बोल्ट, आणि प्रत्येकाच्या डोक्यात सहा कोनांचा खड्डा. माझ्याजवळ दहा भोके होती, आणि इथे भोक बोल्टच्याच डोक्यात होते.

पुढच्या आठवड्यात मायाने दादरहून ते आणले. मल्टीटूल. काड्यापेटीहून जरासे मोठे. सुरीच्या पात्यांसारख्या घडी होणाऱ्या सहा कोनी चाव्या, ज्यांना दुकानात एलंकी म्हणतात, एक पेचकस, चेनची कडी काढायचे एक छोटे यंत्र. चांदीसारखे चकचकीत. संध्याकाळभर ती ते हातात घेऊन उघडत होती, मिटत होती. मित्रांनो, माझ्या दहाही भोकांची आग झाली. त्या चिमुकल्याला गंज लागावा, त्याच्या चाव्या वाकाव्यात, असे मी मनात म्हणालो. होय, म्हणालो.

आबांनाही ते आवडले नव्हते. "खेळणं आणलंस की काय?" एवढेच ते म्हणाले. पण मला त्यांचे मन कळत होते. पूर्वी सायकलबद्दल काही अडले की माया आबांना विचारायची. आता ती फोनवर बघायची, नाहीतर दादरच्या दुकानात विचारून यायची.

चाळीतल्या आठ मुलींना सायकलवरून सहलीला न्यायचे, असे मायाच्या मनात होते. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जायचे, तिथून बांधावरून आणि टेकडीच्या पायवाटेने फिरून संध्याकाळच्या लाँचने परत. आठांपैकी निम्म्या मुली समुद्रापलीकडे कधी गेल्याच नव्हत्या. पण शेजारच्या चंपाकाकूंची नात त्यांत होती, आणि चंपाकाकू काय म्हणतात त्यावर बाकीच्या आया ठरवत असत.

"आधी तू आणि ती अनुजा जाऊन या," चंपाकाकू म्हणाल्या. "दिवे लागायच्या आत चाळीत दिसलात, तर माझी नात येईल. नाहीतर कोणाचीच पोर जायची नाही. सांगून ठेवते."

शनिवारी संध्याकाळी मायाने गॅलरीत जुना पेपर पसरला. सीटखाली बांधायची पिशवी केवढी, तर दोन वडापाव मावतील एवढी. पेपरवर तिने एकेक वस्तू मांडली. एक जादा ट्यूब. पंक्चरची ठिगळे आणि सोल्यूशन. टायर काढायच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या. आणि ते मल्टीटूल. छोटा पंप सायकलच्या दांडीला बांधलेला होता.

"बस, एवढंच?" आबा दारातून म्हणाले.

"एवढंच लागतं आबा. जास्त घेतलं तर चढावर आपल्यालाच ओढायचंय."

"आणि पाना?"

माया ट्यूब पिशवीत भरू लागली. तिची मैत्रीण अनुजा काळाचौकीहून आली होती. तिला गप्प राहणे जमत नाही. "आबा, तुमचा पाना म्हणजे डंबेल आहे. नेला तर दंड तरी होतील."

"हसायला तुझं काय जातंय गं? ह्या पान्याने अख्ख्या गिरणीच्या सायकली चालवल्यात."

"चालवल्या असतील. पण हिच्या सायकलला एक तरी नट आहे का, बघा की."

आबांनी बघितले नाही. चाळीस वर्षे ज्यांनी दुसऱ्यांना 'नटाला विचारा' म्हणून सांगितले, त्यांनी त्या दिवशी विचारले नाही. त्यांनी मला खिळ्यावरून काढले आणि पिशवीत घातले. पिशवीची चेन लागेना. तेव्हा त्यांनी दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या.

"ह्या कशाला? मोडतील कुठेतरी. मी जन्मभर अंगठ्याने टायर काढलेत."

मायाने पट्ट्यांकडे बघितले, मग आबांच्या तोंडाकडे. "बरं आबा," ती म्हणाली.

चेन लागली. मी वर होतो, ट्यूब खाली होती, आणि ते चकचकीत मल्टीटूल कोपऱ्यात चेपले गेले होते. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

रविवारी सकाळी लाँच सुटली. रेवसला उतरून दोघी बांधाला लागल्या. पुढे लाल मातीची, दगडगोट्यांची वाट होती. प्रत्येक दगडाला सायकल उडायची, आणि प्रत्येक वेळी मी त्या मल्टीटूलला मुद्दाम एक धक्का द्यायचो. 'कळलं का कोण मोठा?' असा माझा आविर्भाव होता. माझ्या डोक्याची दुसरी कड त्याच वेळी ट्यूबवर घासते आहे, हे मला कळले नाही. मत्सर करणाऱ्याला एकच जण दिसतो. मधे कोण चिरडते आहे ते दिसत नाही.

परतीच्या उतारावर बाभळीचा काटा मागच्या टायरमध्ये घुसला. चाक बसले, सायकल घसरली आणि माया पडली.

"लागलं?" अनुजा धावत आली.

"गुडघा सोललाय. सायकल बघ आधी."

हँडल वाकडे फिरले होते. मायाने पिशवी उघडली. सगळ्यांत वर मी होतो. तिने मला उचलले आणि शेजारच्या दगडावर ठेवले. मग मल्टीटूल काढून त्याची एक चावी उघडली, बोल्ट सैल केला, हँडल सरळ केले, बोल्ट आवळला. तुम्ही शंभर आकडे मोजाल तेवढ्यात झाले. मी दगडावरून बघत होतो. मल्टीटूलने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही.

मग तिने चाक काढले आणि अंगठ्यांनी टायर सोडवू लागली. काळ्या सायकलचे टायर ढिले असायचे, हे मात्र रबर घट्ट होते. अंगठे लाल झाले, नख मोडले, पण टायर हलेना.

"पट्ट्या कुठायत?" अनुजाने विचारले.

"घरी. पेपरवर."

अनुजाने फोन काढला. "आबांना फोन करू का? अंगठा कुरियरने पाठवतायत का विचारते."

मायाला हसू आले आणि रडूही. तिने माझी दांडी टायरच्या कडेत घालून बघितली. मी जाड, माझे डोके त्याहून जाड. मी शिरलोच नाही. शेवटी अनुजाने डब्यातला स्टीलचा चमचा काढला. त्याची दांडी वाकली, पण टायर निघाले.

आता जादा ट्यूब. मायाने पंप मारला. ट्यूबमधून सुस्कारा आला. घासून घासून तिच्यावर अर्धगोल चर पडला होता आणि तो फाटला होता. ठिगळ बसण्यासारखी ती राहिली नव्हती. मग जुन्याच ट्यूबमधला काटा शोधला, जागा घासली, सोल्यूशन लावले, ठिगळ चिकटवले, वाळायची वाट बघितली. हवा भरून, मला आणि बाकीचे सामान पिशवीत कोंबून दोघी निघाल्या तेव्हा उतारावरून समुद्र दिसत होता, आणि समुद्रात लहान होत चाललेली शेवटची लाँच.

भोपळ्यांच्या एका टेम्पोतून, पेणच्या रस्त्याने, सायकलींसकट त्या मुंबईला आल्या. चाळीत पोचल्या तेव्हा सगळ्या खोल्यांत दिवे लागून जेवणे उरकली होती. गॅलरीत सगळे उभे होते.

"काय झालं?" चंपाकाकूंनी विचारले.

"काटा लागला," माया म्हणाली. त्यापुढे ती एक शब्दही बोलली नाही. आबा समोरच होते.

"आज काटा, उद्या आणखी काही. पोरी जायच्या नाहीत," चंपाकाकू म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांच्या मागे उभी असलेली आठ तोंडे उतरली.

दुसऱ्या दिवशी माया कामावर गेल्यावर आबांनी पेपर पसरला आणि पिशवी रिकामी केली. वाकडा चमचा निघाला. तो त्यांनी बराच वेळ हातात धरला. मग फाटकी ट्यूब निघाली. तिच्यावरचा अर्धगोल चर त्यांनी बोटाने चाचपला. मला उचलून माझ्या डोक्याची कड हळूच त्या चरावर टेकवली.

बरोबर बसली. मायाच्या सायकलवर माझे माप कुठेच जुळले नव्हते. जुळले ते इथे.

आबांनी मला सदऱ्याच्या खिशात घातले, ट्यूब हातात घेतली आणि ते चंपाकाकूंच्या दारात गेले.

"चंपा, काट्याने उशीर नाही झाला. पोरीने बरोबर सामान काढलं होतं. मी तिच्या पट्ट्या काढल्या आणि हा घातला." त्यांनी मला दाखवले. "ही ट्यूब ह्यानेच फाडली. तिने माझं नाव नाही घेतलं, म्हणून मी घ्यायला आलोय."

चंपाकाकूंनी ट्यूब बघितली, मला बघितले. "एवढं आयुष्य सायकलीत गेलं तुमचं, भिवादादा."

"म्हणूनच चुकलो."

"मग आता पोरींना काय न्यायचं ते कोण सांगणार?"

"माया सांगेल. मी ऐकेन."

आबा आठही दारांत गेले. आठही दारांत मी खिशातून बाहेर निघालो आणि प्रत्येक दारात तेच ऐकले. असे फिरणे कुणाच्या नशिबी येऊ नये. पण आबांचा आवाज एकदाही खाली गेला नाही.

पुढच्या शनिवारी गॅलरीत आठ मुली पेपरभोवती बसल्या. मायाने पट्ट्यांनी टायर काढून दाखवले, जादा ट्यूब जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवायला शिकवले. मग आबा म्हणाले, "ती एलंकी दे इकडे. मलापण दाखव." मायाने मल्टीटूल त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी चुकीची चावी उघडली, मग बरोबर उघडली. माझ्या दहाही भोकांची तेव्हाही आग झाली. ती लपवत नाही.

नंतर आबांनी मला मुलींच्या हातात दिले. "हा माझा लाडका. बघा कुठे बसतो का." मुलींनी मला प्रत्येक बोल्टवर टेकवले. मी कुठेच बसलो नाही. तेव्हा चंपाकाकूंची नात म्हणाली, "मग ह्याला घरीच ठेवू." आणि तिने स्वतः मला खिळ्यावर अडकवले.

दुसऱ्या दिवशी मुली रेवसला जाऊन दिवे लागायच्या आत परत आल्या. त्यानंतर दर नव्या मुलीला आबा आधी मला देतात. कुठेच न बसून दाखवणे हे आता माझे काम आहे, आणि ते मी नीट करतो.

मित्रांनो, वाटेवर निघताना पिशवीत आवडीच्या वस्तू भरू नका. चाकाला विचारा, त्याला लागेल तेच घ्या. आणि घरी आल्यावर हत्यारे पुसायला विसरू नका. मुली परत आल्या की दमून झोपतात. पिशवी तशीच गॅलरीत राहते, आणि समुद्राची हवा खारी असते. मी इथून बघतो आहे, त्या मल्टीटूलच्या तिसऱ्या चावीवर तांबूस ठिपका आला आहे. अजून नखाएवढाही नाही. कुणीतरी त्याला तेलाचा एक थेंब द्या. माझ्या वाटणीचा दिलात तरी चालेल.