भिंतीपलीकडचा नवा कारखाना

गाझियाबादच्या खुराणाशेठनी आपल्याच कारखान्याची मागची भिंत फोडली, तीही चांगले गवंडी लावून. पलीकडे त्यांचीच नवी शेड उभी होती, दारावर नवी पाटी. नवा कारखाना नव्या नोकऱ्या देतो म्हणून त्याला पाच वर्षं कर माफ, अशी त्या काळी सवलत होती. जुन्या कारखान्याची माफी सरली होती. तेव्हा तीच यंत्रं त्या भगदाडातून पलीकडे न्यायची, आणि त्याच बासष्ट कामगारांनी राजीनामे देऊन पलीकडे नव्यानं लागायचं, असा बेत होता.

कागद मॅनेजर श्यामकांत दात्यांनी तयार केले होते. पलीकडे कुणाला घ्यायचं याची यादीही त्यांनीच केली होती आणि ती खणात कुलपात होती. पलीकडे जागा चाळीसच. बावीस जणांना नव्या गेटवरून परत फिरवायचं होतं.

एकसष्ट सह्या झाल्या. फिटर नरसिंह तेवढा पलीकडे न्यायच्या राहिलेल्या शेवटच्या प्रेसवर मांडी घालून बसला.

"उतरा हो, नरसिंहराव," श्यामकांत हलक्या आवाजात म्हणाले. "दोन वाजता नवा कारखाना बघायला इन्स्पेक्टर येतोय. ते चार पैलवान पाहिलेत ना दारात?"

"पाच वर्षांपूर्वीही मी नवाच होतो, श्यामराव. पेन तुम्हीच पुढे केलं होतंत. सोळा वर्षं राबतोय, आणि दर पाच वर्षांनी माझं बारसं! या खेपेला घुगऱ्या तरी वाटायच्या."

"पोरींचा विचार करा."

"तोच करतोय. बापाची नोकरी किती वर्षांची म्हणून विचारलं, तर काय सांगतील? कालची?"

एवढ्यात खुराणाशेठ स्टुलावर चढले. "भाइयो, सरकार टॅक्स छोड़ती है, तभी मैं रोटी दे पाता हूँ. दो बजे तक मशीन उधर नहीं गई तो दोनों गेट बंद. तुम्हारी रोटी पर ये आदमी बैठा है!"

पैलवानांची गरजच पडली नाही. कालपर्यंत नरसिंहच्या डब्यातलं खाणारा गौरव पुढे झाला. "उतर, बुड्ढे!" म्हणत त्यानं हातातला पाना नरसिंहच्या तोंडावर हाणला. दात फरशीवर पडले. मग सगळेच तुटून पडले. कुणी केसांना धरून ओढलं, कुणी पोटात लाथ घातली. प्रेसच्या कडेवर डोकं आपटल्याचा आवाज झाला. शेठ घड्याळ पाहत होते.

श्यामकांत जन्मात ओरडले नव्हते इतके ओरडले. "रुको! उधर चालीस ही जगह है! बाईस को निकालेंगे! लिस्ट मैंने बनाई है!"

हात थांबले. आता हे शेठकडे वळणार, असं श्यामकांतांना वाटलं.

शेठ शांतपणे म्हणाले, "हाँ, चालीस. जो मशीन पार कराएगा, वो अंदर."

मग जे झालं त्याला मारामारी हा शब्द तोकडा आहे. प्रेसला हात लावायला मिळावा म्हणून माणसं माणसांना फाडू लागली. गौरवनं पहार उचलून शेजाऱ्याच्या बरगड्यांत घातली आणि त्याची जागा धरली. लोखंडी पाइपांवर ठेवलेली ती अजस्र प्रेस कुरकुरत सरकू लागली. वाटेत नरसिंह पडला होता.

श्यामकांत आत घुसले. कोपरं बसली, चष्मा पायदळी गेला. त्यांनी नरसिंहला काखेत धरून खेचलं. धड बाहेर आलं, डावं पाऊल पाइपाखाली गेलं.

"रुको! नीचे आदमी है!"

कुणीही हात काढला नाही. जो काढील त्याची जागा गेली असती. हाड मोडल्याचा आवाज त्या कल्लोळातही ऐकू आला.

प्रेस भगदाडातून पलीकडे गेली. नरसिंहचं डोकं श्यामकांतांच्या मांडीवर होतं. त्यानं रक्त थुंकलं.

"यादी कधी केलीत?"

"मंगळवारी."

"आणि सह्या गुरुवारी." त्याला धाप लागली होती. "मधे एक अख्खा बुधवार होता, श्यामराव. सगळे बसलो असतो प्रेसवर."

"बुधवारी मी..." श्यामकांतांनी अंगातला शर्ट काढला आणि पाय बांधायला घेतला.