बेटावर न्यायची बॅग

धाकटीने बॅगेची चेन ओढली आणि आतली एकेक वस्तू काढून पलंगावर ठेवायला सुरुवात केली. आधी थर्मास निघाला. मग प्लॅस्टिकचा मग, स्टीलचा चमचा, दोन विटके टॉवेल, मेणकापडाची घडी, सेफ्टी पिनांची डबी. तळाशी हात घातला तर रिपोर्टांची जाडजूड फाइल हाती आली.

"ताई, हे काय आहे?"

ताई दारात उभी होती. हातात बाबांचा नुकताच पिळलेला नॅपकिन होता.

"बॅग आहे. काल संध्याकाळीच भरली."

"तू बेटावर चालली आहेस ना? समुद्रकिनारी? ही तर दवाखान्यात भरती व्हायची बॅग आहे."

ताईने पलंगावरच्या पसाऱ्याकडे पाहिलं. हसू येण्यासारखं होतं खरं, पण हसायलाही अंगात त्राण लागतं. अर्धांगवायूने बाबांचा डावा हात-पाय गेला त्याला सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत तिने जेव्हा जेव्हा बॅग भरली, तेव्हा ती दवाखान्यासाठीच भरली होती. काल धाकटीसाठी औषधांच्या वेळा लिहून काढता काढता तिच्या हातांनी परस्पर आपलं काम उरकून टाकलं होतं.

"चुकून झालं," ती म्हणाली आणि नॅपकिन वाळत घालायला गेली.

धाकटी आठ दिवसांची रजा टाकून आली होती. ताई ज्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, तिथल्या तिघीजणी बेटावर निघाल्या होत्या आणि या खेपेला ताईला सोडायचं नाही असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. खरं तर ठरवलं होतं मालकाने. गेल्या महिन्यात ताईने गिऱ्हाइकाच्या उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवली, एकदा नाही, दोनदा. एरवी बारीकसारीक गोष्टीवरून दुकान डोक्यावर घेणारा तो माणूस त्या दिवशी ओरडलाच नाही. "आठ दिवस कुठेतरी जाऊन या बाई," एवढंच म्हणाला. ते ऐकून ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"मैत्रिणींनी यादी पाठवली होती ना तुला?" धाकटीने ताईचा मोबाइल उचलला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. "सैल सुती कपडे. टोपी. उन्हाचं क्रीम. डासांचं मलम. वाळूत चालायच्या चपला. ओले कपडे ठेवायला वेगळी पिशवी. गॉगल. गॉगल तरी आहे का तुझ्याकडे?"

"नाही."

"चष्म्याच्या दुकानात काम करतेस आणि गॉगल नाही?"

"लोकांचे करते मी."

"पोहायचे कपडे."

"मी कुठली पोहतेय? पाय बुडवीन फार तर."

"मग पायांपुरतेच घे."

धाकटीने कपाट उघडलं आणि थर्मासच्या जागी ताईचे त्यातल्या त्यात सैल कपडे कोंबायला लागली. आपली उन्हाची टोपीही तिने वर ठेवली. ताईने तिला थांबवलं नाही, पण हातभारही लावला नाही.

"कपड्यांचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी बाबांचं जेवण. तुझ्या हातून चार-पाच चमचे जरी गेले, तरी मी जाईन. नाही गेले तर नाही. दोन वाजता गाडी येईल, तेव्हा काय ते सांगू."

हे धाकटीला पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी ताई एका लग्नाला म्हणून दोन दिवसांसाठी गेली होती, तेव्हा बाबांनी तोंडच उघडलं नव्हतं. ना धाकटीसमोर, ना शेजारच्या काकूंसमोर. धाकटी फोनवर रडली आणि ताई लग्न न बघताच आल्या पावली परतली. तेव्हापासून घरात आणि नात्यागोत्यात पक्कं होऊन बसलं होतं की बाबा ताईच्या हातूनच जेवतात. लोक कौतुक करायचे. ताई त्या कौतुकाने दबून गेली होती हे जितकं खरं, तितकंच तिला ते थोडं आवडायचं हेही खरं.

धाकटी वाटी घेऊन बाबांच्या खोलीत गेली. ताई बाहेर बोळात भिंतीला टेकून उभी राहिली. सगळं सांगून झालं होतं. पाठ सरळ ठेव. चमचा उजव्या बाजूने घाल. घास गिळल्याशिवाय पुढचा देऊ नकोस. बाबांनी तीस वर्षं बस चालवली होती, त्यांना घाई केलेली खपत नाही, हेसुद्धा सांगून झालं होतं.

"बाबा, आ करा," आतून आवाज आला.

ताईने डोळे मिटले. तिला एकदम जाणवलं की त्यांनी तोंड उघडू नये असं आपल्याला वाटतंय. त्यांनी नाही म्हटलं की गाडी परत पाठवता येईल, टोपी घालावी लागणार नाही, कुणाशी हसून बोलावं लागणार नाही. इथेच, या बोळात, फरशीवर आडवं होता येईल. तिला समुद्र नकोच होता. तिला झोप हवी होती, आणि आपल्याला कुणी हाक मारणार नाही याची खात्री.

चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. मग पुन्हा आला.

तिने दाराच्या फटीतून पाहिलं. बाबांचा जबडा हलत होता. धाकटी चमचा पुढे करायची आणि ते मुकाट्याने तोंड उघडायचे. एक, दोन, तीन. एक शब्द नाही, मान फिरवणं नाही. पाच चमचे झाल्यावर त्यांनी उजवा हात वर करून पुरे म्हणून सांगितलं.

ताई फटीपासून मागे सरली. सहा वर्षं. दुकानातून जेवणाच्या सुट्टीत धावत येणं, अर्धं लक्ष घड्याळात ठेवून भरवणं, पुन्हा धावत जाणं. आणि हे कुणाच्याही हातून जेवू शकत होते. तिला राग आला. इतका राग तिला बाबांचा कधीच आला नव्हता.

"जेवले!" धाकटी बाहेर येऊन कुजबुजली. तिचा चेहरा फुलला होता. "आता काही बोलू नकोस. आवर."

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

ताई निरोप घ्यायला आत गेली. सवयीने नॅपकिन उचलून तिने बाबांचं तोंड पुसलं आणि तिचा हात तिथेच थांबला. उजवा गाल फुगला होता. त्यांच्या डाव्या गालात घास राहायचा, ते आजारपण होतं. त्या बाजूचं त्यांना कळायचंच नाही. पण हा उजवा गाल होता, धडधाकट बाजूचा. पाचही घास त्यांनी तिथे नीट रचून ठेवले होते.

तिने चूळ भरायचं भांडं त्यांच्या हनुवटीखाली धरलं.

"थुंका बाबा."

त्यांनी ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी तरारलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि दाराच्या दिशेने अगदी थोडीशी मान हलवली. हॉर्न परत वाजला.

तिचा मघाचा राग कुठल्या कुठे गेला. मग तिने भांडं त्यांच्या उजव्या हाताशी, सहज उचलता येईल असं ठेवलं, पाठीमागची उशी सरळ केली आणि बाहेर हाक मारली.

"अगं, बॅग धरायला ये. मला एकटीला नाही उचलवणार."

"एवढीशी तर आहे."

"ये म्हणते ना."

ती बाबांकडे वळली. "येते."

त्यांना तोंड उघडता येणार नव्हतं. त्यांनी निरोपादाखल चादरीवरची दोन बोटं वर केली.

ताईने दार ओढून घेतलं. धाकटी बॅग घेऊन जिना उतरू लागली, पण ताई वरच्या पायरीवर रेंगाळली. आतून भांडं ओढल्याचा आवाज आला, पाठोपाठ खोकल्याची एक लहानशी उबळ, मग मोकळा श्वास. तेव्हा कुठे ती खाली उतरली.

"चार वाजता त्यांना पुन्हा भरव," गाडीत बसता बसता ती म्हणाली. "भूक लागलेली असेल."

"आत्ताच तर जेवले की!"

"हो," ताई म्हणाली. "जेवले."