पाठीवरचा पट्टा

सरकारने मोहेरला, म्हणजे अंगोरा शेळ्यांच्या केसांना, अनुदान सुरू केलं आणि आमच्या काउंटीतले लोक हावरट झाले. मी स्पष्टच सांगते, कुणाला राग आला तर येवो. केस जेवढ्याला विकतील त्यावर सरकार टक्केवारीने भर घालणार म्हटल्यावर अंगोरा शेळीच्या अंगावर चिमूटभर केस ठेवणंही टेक्सासच्या या माळावर सगळ्यांच्या जिवावर येऊ लागलं. पूर्वी फेब्रुवारीच्या कातरणीत पाठीच्या कण्यावर वीतभर रुंद पट्टा राखायचे. गार पावसात शेळीला तेवढाच आधार. अनुदान आलं आणि पट्टा गेला.

त्या वर्षी माझा नवरा क्लेल वारला. सासरे ओथो हफस्टेडलर म्हणाले, "व्हर्ना, शेळ्या हे बाईमाणसाचं काम नाही. कळप डॉयल सांभाळेल. तू माहेरी जा."

डॉयल म्हणजे त्यांचा पुतण्या. बोलण्यात पटाईत, कामात यथातथाच.

"बाबा, एक वर्ष द्या," मी म्हणाले. "अर्धा कळप त्याला, अर्धा मला. ज्याचा कळप चांगला राहील, रँच त्याने बघायची."

ते तंबाखू थुंकून हो म्हणाले.

कातरणीवाल्यांना मी माझ्या शेळ्यांच्या पाठीवर पट्टा ठेवायला लावला. डॉयलने त्याच्या शेळ्या सोलल्यासारख्या गुळगुळीत करून घेतल्या. कुंपणाला टेकून मला म्हणतो, "वहिनी, शाली पांघरल्यात की काय शेळ्यांना? सरकार पैसे द्यायला बसलंय आणि तुम्ही ते पाठीवर ठेवून हिंडवताय."

"हिंडू देत. तुझं काय जातंय?"

माझी केसांची पोती त्याच्यापेक्षा कमी भरली. सासरे जेवताना माझ्याकडे बघेनात. माहेरची ट्रंक काढावी लागणार, असं मलाही वाटू लागलं.

मार्चमध्ये भर दुपारी उत्तरेचा वारा सुटला आणि बर्फासारखा पाऊस कोसळला. दोन्ही कळप दूर चरत होते. मी घोड्यावरून निघाले तर माझ्या शेळ्या वाटेतच भेटल्या. खाली मान घालून, ओरडत, पण स्वतःच्या पायांनी घराकडे येत होत्या. डॉयलच्या शेळ्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून गारठल्या होत्या. मी आणि सासऱ्यांनी जिवंत होत्या तेवढ्या उचलून माझ्या गोठ्यात आणल्या. फार थोड्या होत्या. डॉयल नुसता उभा होता. त्याला शिव्या द्यायचं मनात होतं, पण त्याचं तोंड बघून मी गिळल्या.

ऑगस्टच्या कातरणीनंतर आम्ही गावच्या गोदामात पोती उतरवली. जवळजवळ सगळी माझ्या कळपाची. गोदामवाल्याने सवयीने पोत्यांवर सासऱ्यांचं नाव रंगवायला ब्रश उचलला.

"थांब," सासरे म्हणाले. "व्हर्ना हफस्टेडलर लिही."

"ओथो, मग विक्री तिच्या नावावर लागेल. अनुदानाचा चेकही तिच्याच नावाने येईल."

"येऊ दे की. कळप तिचा, रँच तीच बघते. मी आता फक्त गाडी चालवतो."

मी बाहेर जाऊन त्याच गाडीत बसले आणि पोटभर रडले. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. मग डोळे पुसून आत गेले आणि एकेका पोत्यावर माझं नाव नीट उमटलंय का, ते बघून घेतलं.