खारीचा अर्धा चेहरा

सुरतेच्या पांडेसऱ्यात साड्यांची डिझाइनं काढणारे भाईदास मेहनतीच्या बाबतीत पक्के काटकसरी. तीस वर्षं ते फुलाची डावी बाजूच काढत आले. उजवी कॉम्प्युटर उलटून जोडतो. एक खार मात्र त्यांनी मुलीसाठी, चंचलसाठी, गोष्टीच्या पुस्तकात अख्खी रंगवली होती. चंचलची एक पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली, म्हणून खारीचीही तशीच. चंचल नवव्या वर्षी तापात गेली.

आता त्या खारीची कार्टून मालिका झाली. पहिला भाग बघायला भाईदास इस्त्रीचा शर्ट घालून स्टुडिओत गेले. पडद्यावर खार उड्या मारत आली, दोन्ही डोळे टपोरे.

“हर्षल, तिची पापणी कुठे गेली रे?” त्यांनी कार्टून करणाऱ्या पोराला विचारलं.

“काका, समोरचा चेहरा मागितला तर तुम्ही डावा, उघड्या डोळ्याचा अर्धाच पाठवलात! आम्ही उलटून जोडला, तुमच्या साडीसारखा.”

“आता बदलेल?”

“सगळे भाग तयार झालेत, काका. आणि अशीच गोड दिसते की!”

घरी बायको प्रमिलाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी अहिराणीत विचारलं, “कशी दिसस आपली पोर?”

“तिनी पापणी पुरी उघडी गयी,” भाईदास कसेबसे म्हणाले.

प्रमिलाबाई दारातून बाजूला झाल्या.

“मंग ती आपली नही.”