दोन टोपल्या आणि एक कोंबडी

मी एक जुनी टोपली आहे, मित्रांनो. मी वाळुंजाच्या झाडाच्या लवचीक फोकांची, पण नाक मुरडू नका. जर्मनीतल्या एका ओढ्याकाठी मला विणलं, आणि माझ्याबरोबर माझ्या जुळ्या बहिणीलाही.

आम्हाला वाल्बुर्गाबाईंनी घेतलं. बाई कॅथलिक पक्षाकडून बर्लिनच्या संसदेत निवडून गेलेल्या. विधवांच्या पेन्शनसाठी त्या तिथे कडाकडा भांडत. आगगाडीत माझ्यात त्यांचं भाषण असे आणि त्यावर लोणी लावलेला काळा पाव. मला त्याचा केवढा तोरा होता!

मग हुकूमशहा आला. बाईंचा पक्ष बंद पडला, खुर्ची गेली. रस्त्यात कुणी भेटलं की उजवा हात उंचावून हुकूमशहाच्या नावाने सलाम करायचा, असा दंडक निघाला.

"या हाताने मी क्रुसाची खूण करते. तो त्याच्यासाठी वर जायचा नाही," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून खरेदी असो-नसो, आम्ही दोघी त्यांच्या दोन हातांत. हात गुंतलेले असले की सलाम टळे. आमच्यात नुसता पेंढा, वर कोबीची पानं. संसद पाहिलेल्या टोपलीत पेंढा! मी रुसलेच.

एका बाजारच्या दिवशी हुकूमशहाच्या पक्षाचा गावातला पुढारी ब्रोकमन आडवा आला.

"केवढं ओझं, बाईसाहेब! द्या इकडे." त्याने बाईंच्या उजव्या हातातली माझी बहीण हिसकावली, सलाम ठोकला आणि वाट पाहत उभा राहिला. सलाम नाही तर तुरुंग, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात कोंबड्या विकणारी विधवा ऑटिली पुढे आली. "अहो बाई, ही तुमची कोंबडी घ्या बघू! सकाळपासून डोकं खाल्लंय मेलीने!" आणि तिने जिवंत कोंबडी बाईंच्या उजव्या हातात दिली. ब्रोकमनच्या टोपीवर पिसं उडाली.

"ही तुमची कोंबडी?" तो गुरकावला.

बाई खोटं बोलत नसत. "आता माझीच," त्या म्हणाल्या.

बाजार खो खो हसला. ब्रोकमनने चिडून माझ्या बहिणीला बुटाखाली चिरडलं. आतला पेंढा बाहेर आला, आणि सगळं उघडं पडलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना पकडून नेलं. जाताना त्यांनी मला ऑटिलीकडे सोपवलं. "कोंबडीने अंडी दिली तर माझी आठवण काढ गं."

पुढच्या बाजाराला ऑटिली दोन हातांत दोन टोपल्या घेऊन निघाली. पाहते तर गल्लीतल्या सगळ्याच बायका तशाच! ब्रोकमन अख्खा बाजार फिरला, त्याला एक सलाम मिळाला नाही. माझ्यात पुन्हा पेंढाच होता, पण मी रुसले नाही.

हुकूमशहा गेल्यावर बाई परतल्या, वाळून काटकी झालेल्या. त्यांनी मला डाव्या हाताला अडकवलं आणि मोकळ्या उजव्या हाताने सावकाश क्रुसाची खूण केली. मला रडूच आलं.

आता माझा तळ फाटला आहे. मित्रांनो, जुनी वस्तू टाकायला निघाल तेव्हा, तिने कधी कुणाचा हात सांभाळला होता का, एवढं आधी विचारा.