शिवणबाईची साक्ष

आतल्या खोलीत सासूबाईंनी पुन्हा चमचा वाजवला. पलंगाच्या लोखंडी गजावर, टण टण टण. शिवणबाईनं मान वर न करता मशीनचं पायडल जोरात मारलं आणि एक पँट संपवून दुसरी ओढली. मशीनच्या खडखडाटात चमचा ऐकू येत नाही, हे तिला दोन वर्षांपूर्वी सहज कळलं होतं. तेव्हापासून गिऱ्हाइकांचे कपडे कसे वेळेवर तयार होत होते.

सासूबाईंचं उजवं अंग लुळं पडलं, त्याच दिवशी वाचाही गेली. त्याआधीची वीस वर्षं त्यांनी सुनेला शब्दांनी सोलून काढलं होतं. "हिला कापड तेवढं जोडता येतं, माणसं नाही," हे त्या येईल त्याला ऐकवायच्या. आता त्यांना डाव्या हातातला तो चमचा तेवढा उरला होता.

दारावर थाप पडली. शिवणबाई आधी आत धावली. ओली चादर काढून कोरडी घालायला तिला दीड मिनिट पुरायचं, त्यात तिचा हातखंडा होता. मग तिनं दार उघडलं. चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई होत्या.

"उद्या उपासनेत साक्ष तुम्ही द्यायची, सगळ्यांपुढे उभं राहून आपला अनुभव सांगायचा," बसायच्या आत त्यांनी सांगून टाकलं. "पाळकसाहेबांनी तुमचंच नाव घेतलंय. विषय आहे, आज्ञापालन."

"मी? मला कुठे चारचौघांत बोलता येतं!"

"अहो, हे घर बघितलं तरी पुरे. नाहीतर आमच्या सूनबाई! पाणी मागितलं तर मोबाईलमधून डोकं काढायलाच त्यांना दहा मिनिटं लागतात."

अध्यक्षबाई सासूबाईंना भेटायला आत गेल्या. सासूबाईंनी डाव्या हातानं त्यांची बाही घट्ट धरली. तोंड वाकडं झालं, घशातून नुसता आवाज आला, डोळे भरून वाहू लागले. शिवणबाई दारात उभी होती.

"बघा, सुनेचं कौतुक सांगतायत," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि बाहीवरची सासूबाईंची बोटं एकेक करून हळूच सोडवली.

त्या गेल्यावर शिवणबाई कापड बेतायच्या टेबलाशी कागद घेऊन बसली. काय लिहायचं? रोज सकाळी प्रार्थना करते, हे खरं. उपासना चुकवत नाही, हेही खरं. मन शुद्ध असेल तरच घ्यायची ती प्रभुभोजनाची भाकर तर तिनं कधीच नाकारली नव्हती. 'सासूची सेवा करते' असं लिहिलं आणि पेन्सिल अडली. ती सेवा करत होती, पण केव्हा? नवरा घरी असताना, कुणी येणार असताना. एरवी पाण्याचा पेला हाताच्या वीतभर पलीकडे ठेवायचा आणि मशीनवर जाऊन बसायचं. आणि खरं सांगायचं तर, त्यात तिला बरं वाटायचं. मग इतकी वर्षं ती ऐकत आली ते देवाचं, की फक्त लोकांचं? प्रश्न काही अवघड नव्हता. उत्तर माहीत असल्यामुळेच तिनं तो कधी स्वतःला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना सासूबाईंपाशी बसवून नवराबायको प्रार्थनामंदिरात गेली. शिवणबाई पुढे जाऊन उभी राहिली. कागद तिनं उघडलाच नाही.

"मी चांगली सून नाही," ती म्हणाली. "आई चमचा वाजवतात, मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. त्यांना तहान लागलेली असते, मला कळतं. मी उठत नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग आहे, आणि त्यांना बोलता येत नाही याचा मला आनंद होतो. मी देवाची आज्ञा पाळत नाही. मला विश्वासणारी म्हणू नका."

आता कुणीतरी उठेल, आता विचारतील, असं तिला वाटत होतं, आणि त्या भीतीतही किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता येत होता. पाळकसाहेब उठले. त्यांचे डोळे पाणावलेले होते.

"पाहिलंत?" ते मंडळीला म्हणाले. "एवढी सेवा करून ही बहीण स्वतःला अपात्र समजते. याला म्हणतात नम्रता!"

"आमेन!" मागून कुणीतरी म्हणालं, मग सगळेच म्हणाले.

"नाही हो, मी खरंच सांगतेय. मी मुद्दाम..."

पण तोवर पेटीवर गीताचे सूर सुरू झाले होते. अध्यक्षबाईंनी तिला मिठीत घेतलं आणि त्याही रडल्या. निघताना एका तरुण सुनेनं तिचे हात हातात घेऊन माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून विनवलं.

"छान बोललीस," वाटेत नवरा म्हणाला. "पण इतकं कमी लेखू नये गं स्वतःला. मी बघतो ना घरात."

"तुम्ही घरात असता कधी?"

"तेच तर म्हणतोय. मी नसतो, म्हणून तर सगळं तुझ्यावर पडतं."

या जगात तिचं खरं बोलणं खरं मानणारं एकच माणूस उरलं होतं.

घरी आल्यावर काकू गेल्या, नवरा मागच्या अंगणात गेला. शिवणबाई सासूबाईंच्या पलंगाशी गुडघे टेकून बसली. इतक्या जवळून त्यांच्या तोंडाकडे तिनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. ओठ फुटले होते.

"आई," ती म्हणाली, "मी तुमचे फार हाल केले. ठरवून केले. तुम्हाला माहितीये सगळं. मला क्षमा कराल?"

तिचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं, आणि सासूबाईंनी मान हलवली. हो. घाईघाईनं पुन्हा हलवली. हो, हो. डोळे सुनेच्या तोंडाकडे नव्हते, तिच्या हातांकडे लागले होते. अंग भिंतीच्या बाजूला जेवढं सरकवता येईल तेवढं सरकवत होत्या.

"घाबरू नका, आई. मनापासून वाटत नसेल तर नाही म्हणा. रागवा माझ्यावर."

हो, हो, हो.

शिवणबाईनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. तरी सासूबाईंची मान हलतच राहिली.