सातवा बीम

"काका, टेस्टच्या जागा तुम्हीच सांगा. बिल्डिंग तुमच्या हातची आहे ना!" परांचीवरून रुचिरा म्हणाली.

ती पुण्याच्या कंपनीची इंजिनिअर, वय अठ्ठावीस. मी पद्माकर, नोएडातल्या या इमारतीचा आधी साइट सुपरवायझर, नंतर मेंटेनन्सवाला. पंचाण्णव साली ती कपड्यांचा कारखाना म्हणून उभी राहिली. आता, दोन हजार सातमध्ये, तिथे कॉल सेंटर येणार होतं. वरच्या मजल्यावर बॅटऱ्यांची अवजड कपाटं बसणार, म्हणून खालच्या नऊ बीमना कार्बनच्या पट्ट्या लावायच्या होत्या. बीमच्या दोन्ही टोकांना लोखंडी प्लेटा बोल्टांनी आवळायच्या, पट्टी त्यांत पकडून जॅकने ताणायची आणि बीमच्या पोटाला चिकटवायची. ताणलेली पट्टी बीमला सावरून धरते. पण मुळात काँक्रीटच भुसभुशीत असेल, तर बोल्ट उपटून येतात. ते कळावं म्हणून आधी बीमला लोखंडी चकती चिकटवून ओढून बघतात. मालकाला घाई होती, म्हणून तीनच बीम तपासायचे ठरले.

"दोन, पाच आणि आठ घे," मी म्हणालो. सातव्याचं नाव काढलं नाही.

सातवा बीम ओतला गेला चौदा जानेवारीला. त्या दिवशी दिल्लीच्या आमच्या मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. मीही दरवर्षी जायचो. "मी आल्याशिवाय माल टाकायचा नाही," असं मुकादमाला बजावून बसमध्ये चढलो. तिथे धुक्यात कुडकुडत, आपण ती लढाई का हरलो यावर दोन भाषणं ऐकली. शहाण्यांनी चुका दाखवल्या, आम्ही माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी साइटवर येतो तर साचा भरलेला. माल लवकर सरकावा म्हणून मुकादमाने त्यात वारेमाप पाणी ओतलं होतं. तो बीम फोडायलाच हवा होता. पण फोडला असता तर मी कुठे होतो हे निघालं असतं. मी रजिस्टरमध्ये 'माझ्या समक्ष' असं लिहून सही ठोकली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बारा वर्षं मी ती मूठ आवळून त्या बीमखालून ये-जा केली.

तिन्ही टेस्ट पास झाल्या.

"एकदम सॉलिड काँक्रीट, काका! आजकाल असं काम कोण करतं यार?" रुचिरा म्हणाली. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

गुरुवारी सातव्याची पाळी आली. जॅकवर विठ्ठल होता, रुचिराच्याच कंपनीचा जुना माणूस. पंपाचा काटा चढू लागला. 'थांबा' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण थांबवून सांगणार काय? काटा अर्ध्यावर असताना टोकाची प्लेट बोल्टांसकट उपटली आणि जॅक विठ्ठलच्या छातीवर बसला. खाली पडलेला काँक्रीटचा तुकडा मी उचलला. तो बोटांनी चुरला जात होता.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये विठ्ठलने प्राण सोडला.

रुचिरा बाहेरच्या बाकावर बसली होती. "चूक माझी आहे, काका. सगळे बीम तपासायला हवे होते. ऑफिसला मी तसा मेल करून टाकलाय. पोलिसांनाही तेच सांगणार आहे."

तेव्हा मी तिच्याशेजारी बसलो आणि बोललो. बस, मुकादम, पाणी, सही, सगळं सांगितलं.

ती माझ्याकडे वळली.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम सात सोडून सांगितलंत?"

"हो."

"आणि आज तिथेच उभे होतात?"

"हो. पोलिसांना मी सांगतो. तू तुझा मेल मागे घे."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने पर्समधून मोबाइल काढला.

"त्यांच्या घरी अजून कळवलेलं नाही. मिसेस आहेत, हेमलता. मला धीरच होत नव्हता." नंबर लावून तिने फोन माझ्या हातात दिला. "तुम्ही सांगा."

पलीकडे घंटा वाजत होती. कुणीतरी फोन उचलला. मागे कुकरची शिटी झाली.

"हॅलो, कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं.

मी उठून उभा राहिलो आणि माझं पूर्ण नाव सांगितलं.